सकाळीच गेली

कृषी कार्यालयातून फोन आला तेव्हा मी जेवत होतो. फोन मायचा, पण तिला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तो माझ्याकडेच असतो. शेतकऱ्यांच्या खात्यात सरकारचे जे हप्ते येतात, त्यांची पडताळणी सुरू होती. पलीकडच्या माणसानं मायचं नाव घेतलं आणि विचारलं, "बाई आहेत का?"

"नाई, गेली," मी म्हणालो.

"कधी?" त्यानं विचारलं.

"सकाळीच."

"अरेरे," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, बरा माणूस आहे. या वयात बाईला चिखलात उतरावं लागतं म्हणून हळहळला. रोवणीच्या दिवसांत कोण कुठे गेलं हे आमच्या गावात सांगावं लागत नाही. सगळे धानाच्या बांधीतच रोपं लावत असतात.

पुढचा हप्ता आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. पैसा फार नव्हता, पण मायच्या नावावरच्या एका एकराचा होता आणि घरात तेवढाच ती मला न विचारता खर्च करायची. त्यातूनच दिवाळीनंतर वरोऱ्याला बहिणीकडे जायची. त्या वर्षी ती गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पाय दुखून राह्यले." पैसे मागितले असते तर मी दिले असते. तिनं मागितले नाहीत आणि मीही आपणहून दिले नाहीत.

शेवटी तिला सेतू केंद्रात नेलं. तिथल्या बाईंनी आधार नंबर टाकला आणि पडद्याकडे बघतच राहिल्या.

"इथी तर मयत दाखवते," त्या म्हणाल्या.

"कोन मेलं?" मायनं विचारलं.

"तुमीच, बाई. घरच्या मानसानं फोनवर सांगितलं, असं लिहून हाय."

मायनं माझ्याकडे पाहिलं. तो फोन मला तिथेच आठवला. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. कान तेवढे गरम झाले आणि मी बाईंना विचारलं, झेरॉक्स किती लागतील.

गावात हसू झालं. आता तुझं आयुष्य वाढलं, असं बाया तिला चिडवायच्या. मीही हसायचो. हयातीचा दाखला, सातबारा, बँकेचं पासबुक, सगळं गोळा करता करता उन्हाळा लागला. इतक्या दिवसांत मायनं मला एकदाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तालुक्याच्या कार्यालयात साहेबांनी कागद चाळले. "ती माहिती फोनवर दिली कोणी? अर्जात नाव लिहावं लागेल."

मी घसा खाकरला. माय माझ्या आधी बोलली. "मीच उचलला होता फोन."

"म्हणजे तुम्हीच सांगितलं, तुम्ही वारल्या?" साहेब हसले. शेजारचा कारकूनही हसला.

"हो. मले समजलं नाई, साहेब. माहंच नाव लिवा."

अजून वेळ होता, एक वाक्य पुरलं असतं. पण मी खिशातला पेन काढला. माझं अक्षर चांगलं आहे. माझ्या अडाणीपणामुळे ही चूक झाली, असं तिच्या वतीनं सुवाच्य लिहिलं, तिचा अंगठा शाईत बुडवला आणि त्याखाली दाबून धरला.