पुठ्ठ्याचा शनिवारवाडा

अख्ख्या ओमानमध्ये, सलालापासून मुसंदमपर्यंत, रिकाम्या खोक्याला हात जोडणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका मस्कतच्या अल् खुवैरमध्ये आमच्या डोक्यावर राहायचा. वरच्या मजल्यावरचे काका. एका कंपनीत एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढायचे, पण तो जोडधंदा. खरा धंदा गणपतीचं मखर, तेही निव्वळ पुठ्ठ्याचं. बिल्डिंगमध्ये कुणाकडे नवा टीव्ही आला की आम्ही टीव्ही बघायला जायचो, काका खोकं बघायला. आमचं वॉशिंग मशीन आलं तेव्हा दार उघडताच पहिला प्रश्न, "पाचपदरी पुठ्ठा आहे ना गं?" मशीन कपडे धुतंय की फाडतंय, याची काही पडलेली नाही! हमरियाच्या बाजारातल्या दुकानदारांशी तर एवढी घसट, की फ्रीज विकला गेला की ते आधी काकांना फोन करायचे. मग गाडीच्या टपावर खोकं बांधून, मागच्यांचे हॉर्न खात, काका हायवेवरून वरातीच्या वेगाने घरी यायचे.

बरं, हाताला कला अशी, की बघणाऱ्याची बोलती बंद. पण केलेलं मखर टाकायचं नाव काढायचं नाही. पाच दिवसांनी गणपती घरच्याच बादलीत विसर्जित होऊन जायचे, मखर मात्र कायमचं मुक्कामाला. पलंगाखाली मंदिर, कपाटावर कैलास, आणि दुसऱ्या बाथरूममध्ये शनिवारवाडा. पाहुण्यांना हात धुवायला दिल्ली दरवाज्यातून वाकून आत जावं लागे. एकदा माझ्या नवऱ्याच्या कोपराने बुरूज चेपला, तर काका कळवळून म्हणाले, "अरे, हल्ला करायचा तर आधी निरोप तरी पाठवायचास!" काकू कपाळाला हात लावायच्या. "देव पाच दिवसांचा, खोकी जन्माची. या घरात मीच काय ती पाहुणी."

गेल्या मार्चमध्ये दोघं लेकीकडे व्हॅलेन्सियाला गेली. स्पेनमधल्या या शहरात कित्येक शतकं चालत आलेला एक उत्सव असतो. गल्लोगल्ली माणसं वर्षभर खपून लाकूड-पुठ्ठ्याच्या प्रचंड बाहुल्या करतात आणि मार्चमध्ये चौकात उभ्या करतात. काका तर वेडेच झाले. माझा फोन फोटोंनी भरून गेला. "आपली माणसं आहेत गं ही! बघ, पुठ्ठ्याला कशी सुरकुती पाडलीय!" मला वाटलं, आता हे काही मस्कतला परत येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात असताना फोन वाजला. काकांचा आवाज बसलेला. "जाळलं गं." म्हटलं, कोण गेलं? "सगळं. स्वतःच्या हातांनी जाळलं. आणि वर बँड!" तिथली रीतच ती. शेवटच्या रात्री सगळ्या बाहुल्या पेटवून देतात. लोकांनी मतं देऊन निवडलेल्या एकदोनच तेवढ्या वाचतात. हे लेकीने आधी सांगितलं होतं, पण काकांना ती थट्टा वाटली होती. ज्वाळा दिसल्यावर काका "अरे थांबा, थांबा!" असं शुद्ध मराठीत ओरडत दोरीखालून आत घुसले. बंबवाल्याने त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. गल्लीतल्या बायकांनी त्यांना खुर्चीत बसवून भोपळ्याचे गरम वडे खायला घातले. "आणि ज्याने ती बाहुली केली ना, तो माझ्या शेजारीच उभा होता. रडत होता आणि टाळ्या वाजवत होता. माणूस आहे की कोण?" लेक म्हणाली, "बाबा, आपणही गणपती बुडवतोच की." त्यावर काका कडाडले, "मूर्ती बुडवतो! मखर घरीच ठेवतो!"

परत आले आणि महिन्याभरात कंपनीने निरोपाचा नारळ दिला. व्हिसा खलास, कायमचं पुण्याला जायचं. काकूंनी निक्षून सांगितलं, "सामानात पुठ्ठ्याचा एक तुकडा जरी दिसला, तरी मी विमानात चढणार नाही." पुण्याचा फ्लॅट एवढासा, त्यांचंही खरंच होतं. काका दारोदार फिरले. "एखादं तरी ठेवून घ्या." सगळ्यांना एकदम जागेची अडचण आठवली, आम्हालासुद्धा. काकांचं जेवण तुटलं. घरमालक मागून हे सगळं कचऱ्याच्या गाडीत कोंबणार, हा एकच घोर त्यांना लागला होता.

आणि एक दिवस ते खाली आले, शांतपणे म्हणाले, "जाळू या."

रबरबँड तुटलं तरी गाठ मारून वापरणारा हा माणूस! मी म्हटलं, "काका, ताप आहे का तुम्हाला?" "कचऱ्यात नको गं जायला. वाजतगाजत जाऊ दे. एक वाचवायचं, तुम्ही मतं द्या." पार्किंगमध्ये हात वर करून मतदान झालं आणि शनिवारवाडा प्रचंड बहुमताने निवडून आला. येणारच, आम्ही सगळे त्यातून वाकून गेलेलो!

शुक्रवारी संध्याकाळी बिदियाच्या वाळवंटात, ओळखीच्या ओमानी कॅम्पवाल्याच्या शेकोटीच्या खड्ड्यात काकांनी स्वतः काडी लावली. कैलास पेटला तसा तो कॅम्पवाला "हराम, हराम" म्हणत हळहळला. इथल्या बोलीत तो शब्द 'अरेरे'सारखाही वापरतात. मी काकांकडे बघितलं. गाल ओले, आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. आम्हालाही राहवेना, आम्हीही वाजवल्या. इतकी वर्षं तोंड वाकडं करणाऱ्या काकू पदराने डोळे पुसत ओरडल्या, "गणपती बाप्पा मोरया!"

शनिवारवाडा आता आमच्या दुसऱ्या बाथरूममध्ये आहे. पुण्याहून फोन येतो तेव्हा काका माझी खुशाली नंतर विचारतात, आधी, "बुरुजाला ओल नाही ना लागली?"

परवा तळमजल्यावर कुणाचा तरी फ्रीज आला. वॉचमन खोकं फाडायला लागला, तशी मी ओरडले, "थांब, फाडू नकोस!" चांगलं पाचपदरी होतं. लिफ्टमध्ये कसंबसं कोंबून काकांच्या मजल्यावर नेलं, बेल वाजवली. दार एका अनोळखी बाईने उघडलं. तेव्हा कुठे मला आठवलं, आणि मी खोक्याला धरून तिथेच उभी राहिले.