हत्यार कोणतं, लागलं कुणाला

किस्से मुद्दाम जमवायला गेलं की मिळत नाहीत. आपण भलतंच काही जमवत असतो आणि हे त्याच्या पाठीला चिकटून घरी येतात. माझ्याकडे असे फुलस्केप कागदांचे दोन गठ्ठे झालेत. रविवारी संध्याकाळी घरी बोलायला कोणी नसतं, मग मी ते काढून वाचतो आणि एकटाच हसतो!

कागद आमच्या रविवारच्या वर्गातले. दहिवलीच्या विहाराचा हॉल, मी रिटायर्ड मराठी मास्तर, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसलेली तीन मोठी माणसं. विहाराची किल्ली सांभाळणाऱ्या सुजाताताई. बंगल्यांच्या प्लॉटच्या साइट ऑफिसात काम करणारा प्रशांत. आणि पळसदरीच्या वरच्या वाडीतली यमुना, तेव्हा अंगणवाडीत मदतनीस. तिथल्या सेविकाबाई रिटायर होणार होत्या, त्यांची जागा यमुनाला हवी होती, आणि बारावीशिवाय ती मिळणार नव्हती. तिचे बाकी सगळे विषय सुटले होते. मराठी दोनदा राहिलं होतं, रसग्रहणापायी.

म्हणजे उतारा वाचायचा, लिहिणाऱ्यानं त्यात काय युक्ती केलीय ते ओळखायचं आणि त्यावर एक परिच्छेद लिहायचा. एवढंच. पण या एवढ्याशा परिच्छेदानं भल्याभल्यांना घाम फोडलाय.

*

पाठ्यपुस्तकातल्या धड्यांची उत्तरं गाइडात तयार असतात. म्हणून मी उतारे स्वतःच लिहायचो. खाली नाव टाकायचो नाही.

पहिल्या रविवारी एका म्हाताऱ्याचं कुत्रं मरतं असा उतारा दिला. तिघांनीही शेवटचं वाक्य गाइडातलंच ठोकलं : ‘त्यामुळे वाचकाच्या मनाला आल्हाद मिळतो.’

मी म्हटलं, “अहो, कुत्रं मेलंय. आल्हाद कुणाला मिळतो?”

सुजाताताई शांतपणे म्हणाल्या, “मांजराला, सर.”

*

त्या दिवशी गाइड बंद केलं आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. हत्यार कोणतं? चालवलं कुठं? लागलं कुणाला? या तिन्हींची उत्तरं दिली की परिच्छेद झाला. तिसरं उत्तर नसेल तर पहिली दोन फुकट. आणि चांगला परिच्छेद मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवणार, हा वर्गाचा नियम.

पुढच्या रविवारी सुजाताताईंनी उतारा बाजूला ठेवून सासूबाईंचंच रसग्रहण करून आणलं. ‘सासूबाई म्हणाल्या, आज भाजीत मीठही आहे हो. हत्यार : उपरोध. चालवलं : ‘ही’ या एका अक्षरात. लागलं : माझ्या नवऱ्याला. भाजी त्यांनी केली होती.’

मी पाचपैकी पाच दिले. आयुष्यात पहिल्यांदाच!

*

प्रशांतनं तर कमाल केली. त्यानं स्वतःच्याच साइटचं माहितीपत्रक घेतलं. ‘डोंगर तुम्हाला हाक मारतोय. हत्यार : चेतनगुणोक्ती, निर्जीवाला माणूस करणे. चालवलं : पहिल्याच पानावर. लागलं : ठाण्याच्या एका जोडप्याला. ते धावत आले. त्या दिवशी डोंगरात सुरुंग लावत होते, त्यामुळे हाक त्यांना नीट ऐकू आली.’

हा कागद त्याच्या टेबलावर राहिला आणि साहेबांच्या हाती पडला. आम्हाला वाटलं, गेली नोकरी. सोमवारी साहेबांनी बोलावून घेतलं.

“हे तू लिवलंस?”

“हो साहेब.”

“मग पुढचं माहितीपत्रक तूच लिव. पण ते लागलं कुणाला, ते नको लिवूस रं.”

*

यमुनाचं गाडं मात्र तिसऱ्या प्रश्नाशी अडायचं. “वाचकाला म्हंजे कुणाला, सर? मी तर त्याला कदी बगितलाच नाय.”

मी म्हटलं, “अंगणवाडीतल्या पोरांना बघतेस ना? त्यांना काय लागतं ते लिही.”

तिनं पोरांसाठी एक गोष्ट रचली होती. खेकडा घर शोधत दगडादगडाला विचारतो आणि प्रत्येक दगड म्हणतो, ‘इथं नाय, पुढं जा.’ तिनं लिहिलं : ‘हत्यार : तेच वाक्य पुन्हा पुन्हा. चालवलं : दर दगडाला. लागलं : सुपरवायझर मॅडमना. त्या तपासणीला आल्या, पोरांना विचारलं, बाळांनो, तुमच्या बाई कुठायत? सगळी पोरं एका सुरात, इथं नाय, पुढं जा. मॅडम पार ओढ्यापर्यंत गेल्या.’

वाचताना मला पुढचं वाचवेना, इतका हसलो. तिसरं उत्तर तिला सापडलं होतं. त्यानंतर तिचं ते कधी चुकलं नाही.

*

माझीही फजिती व्हायची. एका उताऱ्यावर सुजाताताईंनी लिहिलं, ‘या लेखकाला संध्याकाळ दिसली की विशेषणांची उलटी होते.’ मी लेखकाची बाजू घेऊन वीस मिनिटं भांडलो. तिघं एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, माझे मुद्दे पटतायत.

*

परीक्षेआधीचा शेवटचा रविवार. उतारा साधाच दिला. एक माणूस बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात जातो. चष्म्याचे स्क्रू आवळून घेतो. दुकानदार सवयीनं तो त्याच्या डोळ्यांवर चढवून बघतो, तर चष्मा त्याच्या चेहऱ्याला लहान. “आता वर्षभर सैल होणार नाही,” दुकानदार म्हणतो. माणूस घरी येतो, चष्मा पुसतो आणि कपाटाच्या खणात ठेवतो. संपला उतारा.

यमुनाचा कागद पाहिला. ‘हत्यार : न सांगणे. चालवलं : चष्मा कुणाचा ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, तिथं. लागलं :’ आणि पुढे कोरं.

माझं डोकंच फिरलं. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि आठ दिवसांवर पेपर! दोघं गेल्यावर तिला थांबवलं.

“यमुना, हे असंच सोडून आलीस तर तिसऱ्यांदा नापास होशील. जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल. येत नव्हतं का?”

“येत व्हतं.”

“मग लिहिलं का नाहीस?”

ती सतरंजीची घडी घालत होती. टोकाला टोक जुळवून तिनं ती पूर्ण केली.

“तुमी मोठ्यानं वाचून दावता, सर.”

तिनं सतरंजी कोपऱ्यात ठेवली, पिशवी उचलली आणि दारात चपला घालता घालता म्हणाली,

“बोर्डात लिवीन. तिथं लिवणारा समोर बसल्याला नसतो.”