कालचा खडा

माझ्या आईचे, छबुबाईचे, डोळे देवीच्या आजारात गेले. ताठा मात्र गेला नाही. निजामाच्या अमलात पाटोद्याकडं दुष्काळ पडला तेव्हा मी सात वर्षांची होते, बाप वारलेला. सरकारनं सडकेचं काम काढलं. मुकादमानं आईला बघितलं आणि घरी पाठवलं. आंधळीनं खडी फोडायची कशी?

बाजारातल्या रुद्रप्पा वाण्यांची बायको महादेवीअक्का दारात येईल त्याला भाकरी द्यायच्या. आईनं ती घेतली नाही.

"काम द्या अक्का. फुकटचं गिळवत न्हाई."

अक्कांनी सूप दिलं, तुरीचं पोतं पुढं ओढलं. "खडे काढ."

दिवसभर निवडायचं, सांजच्याला दोन भाकरी आणि पदरात ओंजळभर ज्वारी. लोक झाडपाल्यावर दिवस काढत होते आणि आम्ही मायलेकी पोटभर जेवत होतो.

पंधराव्या दिवशी आईची बोटं सुपात थांबली. "अक्का, ह्यो खडा काल मीच काढलता. एका बाजूला खाच हाय."

काम संपू नये म्हणून निवडलेल्या तुरीत अक्काच परत खडे मिसळत होत्या. आई खडा मुठीत तसाच धरून उठली, माझा हात धरून घरी आली आणि दोन दिवस तिकडं फिरकली नाही. भुकेनं माझा जीव चालला होता. खरं सांगते, तिच्या अभिमानाला मी मनात चार शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी रुद्रप्पाच बियाण्याचा हरभरा घेऊन दारात आले. "छबुबाई, पोत्यातला एक खडा वळखता, तर किडीचं भोक वळखाल का?"

आईनं मूठभर हरभरा चाचपला, किडका दाणा न् दाणा बाजूला काढला. मग विचारलं, "कुणी मिसळला न्हाई ना अण्णा?"

"न्हाई बाई. किडीनंच मिसळलाय."

पुढं पेरणीआधी गावोगावचे शेतकरी बियाणं आईकडं आणू लागले. त्याच सुपावर माझं लग्न झालं. रुद्रप्पाअण्णांच्या घराचे उपकार मी कुठल्या तोंडानं सांगू?

म्हातारपणी अक्कांची नजर गेली. सुना काही करू देईनात. त्या भिंतीकडं तोंड करून बसून राहत. आईनं सूप नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि रोज शेजारी बसू लागली. एक दिवस अक्कांचा हात थांबला.

"छबे, ह्यो कालचाच खडा की गं!"

"कालचा न्हाई अक्का," तीस वर्षं तो पहिला खडा पदराच्या गाठीत जपणारी माझी आई म्हणाली. "खाच बघा."