आमेन म्हणायला कुणी नव्हतं

"गाठ कॅन्सरची आहे," डॉक्टर म्हणाले. "बरी होणारी आहे, पण ऑपरेशन करावं लागेल. आणि आवाजाची खात्री मी देणार नाही."

कॅन्सर राहिला बाजूला, मी आवाजापाशीच अडकले. आमचे हे पुढचं विचारत होते, ऑपरेशन कधी, किती दिवस राहायचं. मी टेबलावरच्या गळ्याच्या चित्राकडे बघत बसले.

कारण सांगते. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि तितकीच वर्षं मंगळवार पेठेत आमच्या घरोघरच्या प्रार्थनासभांत प्रार्थना केली. कुणी आजारी पडलं, कुणाच्या पोराची परीक्षा आली की बोलवा बाईंना. माझी प्रार्थना लांबलचक. ती संपेपर्यंत चहा गार होतो, असं लोक तोंडावर म्हणायचे आणि मी ते कौतुक समजायचे! वेलाला फाटा धरून असतो तसं येशूत राहावं, हे मी इतक्या जणींना समजावलं होतं की विचारू नका.

सुरुवात साधीच झाली. गाताना वरचा सूर लागेना. मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं, तीन महिने घालवले. तुम्ही घालवू नका. गळ्यात गाठ हाताला लागली की सरळ डॉक्टरकडे जा. माझी आधी सोनोग्राफी झाली, मग एफएनएसी, म्हणजे गाठीत बारीक सुई घालून आतलं थोडं काढतात आणि तपासतात. फार दुखत नाही. रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस मात्र घास उतरत नाही.

ऑपरेशनचं नाव थायरॉइडेक्टॉमी. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी, ती काढून टाकतात. तिच्या मागूनच आवाजाची नस जाते. शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागायला तोंड उघडलं, तर नुसता वारा. डॉक्टर म्हणाले, नस कापलेली नाही, सुजली आहे, आठवडे लागतील, कदाचित महिने. त्या 'कदाचित'नं माझं डोकं फिरलं. ह्यांनी पाटी आणि पेन्सिल आणून दिली. मास्तरणीच्या हातात शेवटी पाटीच आली.

शेजारच्या खाटेवर नेसरीच्या गंगव्वा होत्या. साठीच्या, कपाळावर विभूती, गळा सुजून हनुवटीला टेकलेला. त्यांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. आमच्या चर्चचे पाळक येऊन माझ्यासाठी प्रार्थना करून गेले, ते त्यांनी पाहिलं. संध्याकाळी म्हणाल्या, बाई, माझ्यासाठीबी काहीतरी म्हणा. मी गळ्याकडे बोट दाखवलं, पाटीवर लिहून दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"मग मनात म्हना की," त्या म्हणाल्या. "तुमचा देव काय भैरा हाय व्हय?"

मी डोळे मिटले. हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, अशी गाडी नेहमीसारखी निघाली. दुसऱ्या वाक्यानंतर मी थांबले, कारण तिथे लोक "आमेन" म्हणतात. कुणीच म्हणालं नाही. पुढचं वाक्य सुचेना.

खरं सांगते, कॅन्सर ऐकून बसला नव्हता इतका धक्का मला त्या खाटेवर बसला. मग तीस वर्षं मी बोलत होते कुणाशी? ऐकायला माणसं असली की शब्दांचा पूर यायचा. पण एकटीनं, काही काम नसताना, येशूजवळ नुसतं बसल्याचं एकही आठवेना. आधी लाज वाटली, मग भीती. ऑपरेशनच्या टेबलावर मेले असते तर काय तोंड घेऊन त्याच्यापुढे उभी राहणार होते?

शेवटी मनात एवढंच आलं. येशू, मला तुझ्याशी बोलताच येत नाही. मी घाबरलेय. जाऊ नकोस. आणि या बाईजवळही थांब.

उजेड पडला नाही, वाणी झाली नाही. पण कुणीतरी ऐकून घेतंय आणि त्याला उठायची घाई नाही, असं वाटलं. मी हुंदके देऊन रडले. टाके ताणतील म्हणून सिस्टर ओरडल्या.

सकाळी गंगव्वांना नेताना मी त्यांचा हात धरला. दुपारी परत आणलं तेव्हा त्या गुंगीतच होत्या. डोळे उघडल्या उघडल्या विचारलं, "म्हनलासा न्हवं?" मी जोरात मान हलवली.

माझा आवाज यायला सात आठवडे लागले. तेवढे दिवस मी रोज सकाळी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून येशूजवळ बसायचे. कधी ऑपरेशननंतर मागे लागलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांची तक्रार, कधी ह्यांची, कधी काहीच नाही. तुमच्यावर अशी वेळ आली आणि प्रार्थना सुचेना, तर घाबरू नका. सुचत नाही, हेच त्याला सांगा.

आवाज आला तो फाटका. गाणं गेलंच. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ज्यानं मला मुकी असताना सांभाळलं, त्याचे उपकार फिटणार नाहीत.

परवा सभेत पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. सगळ्यांनी सवयीनं ऐसपैस बसून माना खाली घातल्या.

"येशू, आम्ही आलोय. तू आहेस, बरं वाटलं," मी म्हणाले आणि थांबले.

मग आमच्या ह्यांनी एक डोळा उघडून हळूच विचारलं, "संपलं?"

चहाला अजून उकळीही फुटली नव्हती. म्हणून आम्ही सगळे तसेच, गप्प, येशूजवळ बसून राहिलो.