आमच्या साडूंचा आठवडा

येत्या गुरुवारी रात्री आपल्या ताटात काय पडणार आहे, हे छातीठोकपणे सांगू शकणारा माणूस उभ्या नाशकात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नात्यात निघाला. आमचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी प्लॅनिंग खात्यात काढली. कुठल्या मशीनवर कुठल्या दिवशी कुठला माल चढवायचा ते ठरवायचं आणि चढला नाही की कोणाला तरी झापायचं, हे त्यांचं काम. बाकीचे लोक संध्याकाळी कारखाना सोडून घरी येतात. हे कारखाना बरोबर घेऊनच येत. दर रविवारी सकाळी दुसरा चहा झाला की त्यांच्या घरी ‘मीटिंग’ बसायची. साडू खुर्चीत, ताई खाली पाट घेऊन भाजी निवडत, आणि त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन पुण्याला जाईपर्यंत, दारात पळण्याच्या तयारीत. मेहुणी असली तरी माझ्या बायकोमुळे मीही त्यांना ताईच म्हणतो. तर अशी सभा भरली की साडू घसा खाकरत आणि म्हणत, “सोमवार.”

मीटिंग म्हणायची, पण बोलायचे एकटे साडू. “सोमवार सकाळ, मुगाची उसळ. रात्री खिचडी-कढी. मंगळवार सकाळ, बाजरीची भाकरी आणि शेवभाजी.” मंगळवार म्हणताना त्यांचा आवाज जरा चढायचा, कारण साडू मूळचे नांदगावकडचे आणि शेवभाजी हा त्यांच्या लेखी पदार्थ नसून गाव होतं. अशा रीतीने ते रविवार रात्रीपर्यंत पोचले की सभा बरखास्त. हे सगळं कागदावर लिहून ठेवायची पद्धत नव्हती. “जे लक्षात राहत नाही ते खायच्या लायकीचं नसतं,” असं ते म्हणत. पुढे आठवडाभर त्यात फेरफार नाही. एकदा बायको माहेरी गेली होती म्हणून बुधवारी संध्याकाळी मी भुकेल्या पोटी त्यांच्याकडे थडकलो. साडूंनी दार उघडलं, तोंडभर हसले आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. “अरेरे, साडू, बुधवारी कशाला आलात? आज मेथी आहे. तुम्ही मेथी खात नाही. शुक्रवारी आला असतात तर वांगी होती!” हे त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं की चुकीच्या दिवशी भूक लागल्याबद्दल मलाच ओशाळल्यासारखं झालं. जेवताना ताईंनी गुपचूप माझ्या पानात गरम पिठलं वाढलं, तेव्हा साडू समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. पिठलं दिसलं असतं तर त्यांना काहीतरी बोलावं लागलं असतं.

मुलीला बघायला पाहुणे आले तो प्रसंग तर आमच्या घराण्यात अजून सांगतात. पाहुणे शनिवारी आले. बशांमधून आला उपमा. मुलाच्या आईने इकडेतिकडे पाहिलं, बहुतेक पोहे मागून येत असावेत असं तिला वाटलं. साडू नम्रपणे म्हणाले, “कांदेपोहे आमच्याकडे सोमवारच्या नाश्त्याला असतात.” माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. पण मुलाला पोहे आवडत नव्हते, प्रत्येक ठिकाणी पोहे खाऊन तो विटला होता. त्याने दोनदा उपमा मागून घेतला आणि लग्न जमलं. यात आपलं प्लॅनिंग फळाला आलं अशी साडूंची आजतागायत समजूत आहे. मी एकदा ताईंना विचारलं, “तुम्हाला कंटाळा नाही येत या सगळ्याचा?” तर त्या हसून म्हणाल्या, “अहो, उलट बरं आहे. घरोघरी बायका रोज डोकं धरून बसतात, आज काय करू म्हणून. माझा तेवढा एक विचार वाचतो.”

मागच्या पावसाळ्यात मंगळवारची भाकरी उरायला लागली.

हे पहिल्यांदा साडूंच्याच लक्षात आलं. दुसऱ्या कोणाच्या आलं नसतं. पण प्लॅनिंगवाल्या माणसाला उरलेलं दिसतं आणि त्यांनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. “अंदाज चुकतोय तुझा,” ते ताईंना म्हणाले. पुढच्या मंगळवारी ताईंनी एक भाकरी कमी थापली. तरी अर्धी उरली. मग ताई भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या, मग नुसता भात, मग भातावरचं पातळ वरण. घास छातीत अडकतो हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. एका रविवारी आम्ही दोघं तिथे असताना त्यांना चहासुद्धा जाईना. त्या उठून मोरीशी गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. माझी बायको मागोमाग गेली. परत आली ती पांढरीफटक होऊन.

अन्ननलिकेचा कॅन्सर होता आणि तो बराच पुढे गेलेला होता. रेडिएशनचे शेक झाले, केमो झाली, ताईंचे केस गेले, आवाज बसला आणि शेवटी नाकातून पोटापर्यंत नळी घातली. तोंडाने काही द्यायचं नाही. जे द्यायचं ते पातळ करून, गाळून, सिरिंजने नळीतून. दवाखान्यातून पावडरीचे डबे दिले होते. कोमट पाण्यात कालवायचं आणि सोडायचं, की झालं. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी साडूंनी चहा झाल्यावर ताईंच्या पलंगाशी खुर्ची ओढली, घसा खाकरला आणि म्हणाले, “सोमवार. मुगाचं पाणी.” मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. पण ते शांतपणे रविवारपर्यंत पोचले. आणि दुसऱ्या दिवसापासून, ज्या स्वयंपाकघरात ते आयुष्यभर फक्त तपासणीला जात होते, तिथे ते कंबर बांधून उभे राहिले. ताई पलंगावरून घोगऱ्या आवाजात सूचना द्यायच्या. “तवा तापला का? पाणी शिंपडून बघा. आता उलटा. अहो, उलटा!” पहिल्या भाकऱ्या कातडी चपलेच्या तळासारख्या निघाल्या. त्या आम्ही खाल्ल्या. साडूंनी तर वर तूप घेतलं.

मंगळवारी ते खरोखरची शेवभाजी करत. वाटण घालून, फोडणी देऊन, पूर्ण. मग वाटी ताईंच्या नाकाशी धरत. एका नाकपुडीत नळी होती, दुसरी मोकळी होती. ताई डोळे मिटून वास घ्यायच्या. मग तिखटाचा कणही न घालता वेगळं काढून ठेवलेलं डाळीचं पाणी मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून ते नळीतून सोडत, अगदी सावकाश, सिरिंज उंच धरून. तपासणीला गेलो असताना आहाराचं बघणाऱ्या मॅडमनी हे ऐकलं आणि समजुतीने म्हणाल्या, “काका, एवढं कशाला करता? नळीतून जातं ते. त्यांना चव कळत नाही. पोटाला सगळं सारखंच.”

“असेल,” साडू म्हणाले. “पण हिला मंगळवार आहे हे कळायला नको?”

मॅडमनी कागदावर पुढची तारीख लिहून दिली.

थंडी संपत आली होती, तेव्हाचा एक रविवार. मी आणि बायको गेलो होतो. ताई उशांना टेकून बसल्या होत्या. हातांच्या काड्या झाल्या होत्या आणि बांगड्या काढून ठेवल्या होत्या. साडूंनी खुर्ची ओढली. सोमवार म्हणणार, तेवढ्यात ताईंनी हात वर केला. शाळेतल्या मुलीने करावा तसा. इतक्या वर्षांत त्या मीटिंगमध्ये पहिल्यांदाच दुसरं कोणी बोलत होतं.

“मला तर्री पाहिजे,” त्या म्हणाल्या.

“कसली?”

“मिसळीची. आत्ता.”

सगळं नाशिक रविवारी सकाळी मिसळीला बाहेर पडतं. या घरात मात्र मीटिंग असायची. साडू म्हणाले, “अगं, तोंडाने नाही द्यायचं. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“गिळणार नाही. जिभेवर धरीन. टाकून देईन.”

“आणि गेला एखादा थेंब खाली तर? ठसका लागला म्हणजे?”

“लागू दे.”

माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. साडूंचे ओठ हलत होते, जणू काही तरी हिशेबात बसवायचा प्रयत्न चालला होता आणि ते बसत नव्हतं. मग ते उठले. माझी बायको मदतीला उठली, तर तिला म्हणाले, “तुम्ही बसा. मी करतो.” आतून कांदा भाजल्याचा, सुक्या खोबऱ्याचा, मग लाल तिखटाचा वास आला, तसे आम्ही तिघंही खोकायला लागलो. ताईंनी खोकता खोकता आतल्या दिशेने ओरडायचा प्रयत्न केला, “तेल सुटू द्या!” आवाज काही पोचला नाही. मी आत जाऊन निरोप सांगितला. साडू कढईपुढे उभे होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. कांद्याने असेल.

त्यांनी एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा घेतला. मी ताईंच्या हनुवटीखाली स्टीलचं भांडं धरलं. “गिळायचं नाही. कबूल?” साडू म्हणाले. ताईंनी मान हलवली. चमचा आत गेला. त्यांनी डोळे मिटले, गाल किंचित हलले, कपाळावर घाम फुटला. मग त्यांनी भांड्यात थुंकून टाकलं आणि डोळे उघडून साडूंकडे रोखून पाहिलं.

“मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या.

साडू मिठाच्या बरणीकडे असे धावले की दाराची चौकट खांद्याला लागली. त्या दिवशी ताईंनी अर्धी वाटी तर्री चाखली. मधे एकदा ठसका लागला, साडूंच्या तोंडचं पाणी पळालं, आणि ठसका ओसरल्यावर ताई हसत होत्या. सोमवार काय, मंगळवार काय, त्या दिवशी काहीच ठरलं नाही. मी चपला घालत असताना साडू दारात येऊन हळूच म्हणाले, “हिला काय आवडतं हे मी कधी विचारलंच नव्हतं हो.”

ताई होळीनंतर गेल्या. सकाळी साडू मुगाचं पाणी गाळून वाटी घेऊन खोलीत आले, तेव्हा सगळं शांत झालं होतं. बराच वेळ ते वाटी घेऊन उभे राहिले. खाली कुठे ठेवावी हे कळेना, म्हणून ते पाणी त्यांनी स्वतः पिऊन टाकलं आणि मग मला फोन केला. हे त्यांनीच मला पुढे केव्हातरी सांगितलं.

सुतकाच्या दिवसांत घरात चूल पेटत नव्हती, नातेवाईक डबे आणत होते. प्रत्येक डबेवाल्याला साडू विचारायचे, “उद्या कोण आणणार? काय असेल?” लोक एकमेकांकडे बघायला लागले. माझी बायको संतापली. “ताईची राख थंड झाली नाही आणि ह्यांना खाण्याचं सुचतंय!” मी साडूंना गच्चीवर नेलं आणि म्हटलं, नका विचारू असं, बरं दिसत नाही. ते कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, “खायचं कोणाला पडलंय, साडू? घास जात नाय मला. पण उद्या काहीतरी हाय, एवढं तरी कळायला पायजे ना.” कारखान्यातल्या इतक्या वर्षांत पुसली गेलेली नांदगावची बोली त्या दिवशी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

मुलीने पुण्याला चला म्हणून फार आग्रह केला, ते गेले नाहीत. भाकरी जमायला लागलेली, तरी पुन्हा तव्याला हात लावला नाही. मागच्या गल्लीतल्या एक बाई डबा देतात. पहिल्याच दिवशी त्या बिचाऱ्या हौसेने आठवड्याचं सगळं सांगायला लागल्या, तर साडूंनी हात जोडले. “सांगू नका. जे असेल ते असू दे.” दुपारी डबा आला की ते मला फोन करतात आणि माझ्या कानावर झाकण उघडल्याचा आवाज येतो. “आज गवार आहे,” ते म्हणतात, किंवा “मटकी निघाली.” मी म्हणतो, वा. एवढंच बोलणं.

परवा फोन आला नाही. वाट बघून शेवटी मीच केला. “डबा आलाय,” ते म्हणाले, “उघडला नाही अजून. एकट्याला उघडवत नाही आज. तुम्ही येता का?” मी स्कूटर काढली. ऊन मी म्हणत होतं. सातपूरच्या चौकात शिफ्ट सुटल्याने बसची गर्दी होती. मी पोचलो तेव्हा साडू दोन ताटं घेऊन बसले होते आणि डबा मध्ये ठेवला होता, न उघडलेला. “उघडा,” ते म्हणाले. मी उघडला. फ्लॉवर-बटाटा होता, जरासा करपलेला. फ्लॉवर मला आवडत नाही, आणि त्यांनाही नाही. आम्ही दोघांनी निम्मानिम्मा वाढून घेतला आणि सगळा संपवला.