कोटाखालचा पट्टा

सत्कार म्हटलं की मी आधी सावध होतो, कारण माझा पहिला सत्कार झाला त्याच दिवशी माझी नोकरी गेली. कोल्हापूर संस्थान विलीन झालं तेव्हा मी संस्थानच्या फौजेत शिपाई होतो. शेवटच्या परेडला मोठमोठी माणसं आली, आमच्या इमानावर भाषणं झाली, हार पडले, पेढे मिळाले. संध्याकाळी रायफली जमा करून घेतल्या आणि आम्हाला घरी पाठवलं.

पुढं खेटे घालून घालून एका सरकारी कचेरीत पट्टेवाला म्हणून लागलो. खांद्यावरून तांबडा पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, साहेबांची घंटी वाजली की पळत आत. आमच्याच तुकडीतला, कसबा बावड्याचा एक जण तिथं माझ्या जोडीला होता. बरं चाललं होतं. मग नवे साहेब आले आणि त्यांच्या मनानं घेतलं, की आपल्या कचेरीत दोन माजी सैनिक आहेत, झेंडावंदनानंतर त्यांचा सगळ्यांसमोर सत्कार करायचा.

माणूस गोड बोलणारा. मला गोड बोलणाऱ्यांचा आधी संशय येतो. त्यांनी माझ्या जोडीदाराला विचारलं, गावाकडं शेती किती? तो भाबडा, सांगून मोकळा झाला. शेतीची चौकशी साहेबाला कशाला हवी? मला म्हणाले, "त्या दिवशी पट्टा नको. फेटा बांधून, पदकं लावून या."

पट्टा नको! मी काय ते ओळखलं. आधी रायफल गेली, आता पट्टा.

"तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतंय," जोडीदार म्हणाला. "मान देत्यात, घ्यावा की!"

घरी बायकोनं मात्र माझ्याच मनातलं बोलून दाखवलं. "कामावरच्या माणसाला कोण हार घालतंय व्हय? घालवायच्या माणसाला घालत्यात."

त्या दिवशी मी पट्टा अंगावर चढवला आणि वरून लग्नातला कोट घातला. काढून घ्यायचाच असेल तर सगळ्यांसमोर अंगावरनं काढून घ्या म्हणावं.

झेंडावंदन झाल्यावर आत कचेरीत आम्हाला चक्क साहेबांच्या शेजारी खुर्च्यांवर बसवलं. ज्या कारकुनांनी आम्हाला कधी 'अहो' म्हटलं नव्हतं, ते टाळ्या वाजवत होते. साहेब छान बोलले. "यांच्या सेवेचा विसर पडणार नाही," म्हणाले आणि मला घाम फुटला. शेवटच्या परेडच्या भाषणांतही हेच ऐकलं होतं. झेंडूचा हार गळ्यात पडला. आता सांगतील, आता सांगतील, म्हणून मी कान देऊन बसलो.

साहेब खाली बसले, इकडंतिकडं पाहिलं आणि सवयीनं टेबलावरची घंटी वाजवली. चहासाठी.

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, तेवढा आनंद मला हारानंही झाला नव्हता. आणि त्याच आनंदाची आजही चीड येते. साहेबांनी जीभ चावली. "अरे हो, बसा, तुम्ही बसा," म्हणाले. पण चहा आणायला दुसरं कोणी उठेना. कारकून खिडकीबाहेर बघायला लागले.

मी कोटाची बटणं सोडली आणि पट्टा सारखा केला.

"साहेब बसा म्हणत्यात की," जोडीदार कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले होते.

"ऊठ," मी म्हटलं. "नोकरी हाय."