डेकवरची राख

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोटारसायकलवरची राख पुसत होतो. परळीत हे रोजचंच काम. थर्मलकडून, म्हणजे वीजकेंद्राकडून, वारा सुटला की वाळत घातलेल्या धुण्यापासून दारातल्या चपलांपर्यंत सगळ्यावर करडा थर बसतो. फोनवर कौसल्यावहिनी होत्या. "भाऊजी, हे उठंनात हो," एवढंच म्हणाल्या. मी फडकं हातात घेऊनच धावलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

आम्ही दोघं थर्मलमध्ये नोकरीला होतो. तो पेंटर. गंज खरवडायचा, रेड ऑक्साइड मारायचा, वर रंग द्यायचा, यात त्याचा जन्म गेला. गंज दिसला की त्याचं डोकं फिरायचं. माझं फाटक त्याने एकदा न विचारता घासून रंगवलं, तेही मला मुळीच न आवडणाऱ्या हिरव्या रंगात. आणि हाच माणूस रिटायर झाल्यावर घरात बसून गंज तयार करू लागला...

सिद्धार्थ हा त्याचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता. चार वर्षांपूर्वी त्या जहाजाचा संपर्क तुटला. ना जहाज सापडलं, ना माणसं. कंपनीच्या पत्रात 'बेपत्ता' असा शब्द होता आणि प्रल्हादने तो घट्ट धरून ठेवला. मुलाने मोबाइलवर पाठवलेल्या फोटोंवरून त्याने हातभर लांबीचं तेच जहाज बनवलं. पुठ्ठा, पत्रा, सायकलच्या तारा असल्या सामानातून. मला दाखवलं तेव्हा ते कोरं करकरीत होतं. मी म्हणालो, "झकास. आता काचेच्या पेटीत ठेव."

"पेटीत कावून ठिवू बे? चालू जहाज हाय ते."

मग ते जहाज महिन्या-महिन्याने जुनं होत गेलं. आधी गंजाचा रंग द्यायचा, तो ओला करून त्यावर मिठाचे खडे टाकायचे, वरून जहाजाचा निळा रंग फवारायचा आणि वाळल्यावर मीठ घासून काढायचं. खडे होते तिथे पोपडे उडाल्यासारखा गंज उघडा पडे. नांगराच्या भोकाखाली तो चार केसांच्या ब्रशने तांबूस ओघळ काढायचा आणि पुढच्या महिन्यात तो ओघळ थोडा लांबवायचा. एवढं बारीक कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "ह्यो ओघळ खाली येतोय ना, म्हंजी जहाज वर हाय. बुडालेल्याला ओघळ नसतो." भर दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं आणि माझ्या अंगावर काटा आला.

डेकवर मात्र त्याने फडक्यातून चाळलेली राख भुरभुरली होती. एकदा सिद्धार्थचा जुना सोबती, कोकणातला खलाशी, भेटायला आला. जहाज बघून त्याचे डोळे भरले. मग तो संकोचत म्हणाला, "काका, सगळं हुबेहूब आहे. फक्त डेकवर अशी राख राहत नाही. लाटा धुऊन नेतात. राख साठते ती धक्क्याला उभ्या असलेल्या जहाजावर." ही चूक परळीच्याच माणसाची. जिथे राख नाही अशी जागा आम्हाला सुचतच नाही. मला वाटलं, प्रल्हाद ओशाळेल. पण त्याचा चेहरा उजळला. "म्हंजी उभं हाय कुठंतरी," तो हळूच म्हणाला.

त्या दिवसापासून त्याने राख चाळणं बंद केलं. खिडकी उघडी टाकायचा आणि आपोआप बसेल तेवढी राख डेकवर बसू द्यायचा. वहिनींनी त्या खोलीत झाडूसुद्धा मारायचा नाही. शेवटी मी चिडलो. म्हणालो, "पोरगं गेलं, प्रल्हाद. वहिनींना तरी एकदा मोकळं रडू दे."  त्याच्या हातातला ब्रश थांबला नाही. मी रागाने उठलो आणि नंतर दोन महिने त्याच्या घरी फिरकलो नाही. मग तो फोनच आला. त्या दोन महिन्यांची मला आज लाज वाटते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी प्रल्हादचा फोटो मांडला, मेणबत्त्या लावल्या. कुणीतरी नातेवाइकाने सुचवलं, आता सिद्धार्थचाही फोटो शेजारी ठेवून द्या. वहिनी ताठ बसल्या होत्या. "त्याचा न्हाई," म्हणाल्या. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा वहिनींनी प्रल्हादच्या खोलीकडे बोट दाखवलं. खिडकी अजून उघडीच होती. खाट, टेबल, त्याचा चष्मा, मिठाची बरणी... सगळं करडं झालेलं. आणि मधोमध ते जहाज. त्याच्या डेकवर राखेचा कणही नव्हता. डेक ओलसर होता, चमकत होता. मी देवाधर्माचं फारसं न मानणारा माणूस. पण खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार हाच आला की जहाज निघालं. मी दाराची चौकट धरली.

"मीच धुतलं सकाळी," मागून वहिनी म्हणाल्या. "हे गेलेत ना त्याला आणायला... मग जहाज उभं कावून ठिवू?"

त्या रडत नव्हत्या, याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी पदराआडून सिद्धार्थचा फोटो काढून माझ्या हातात दिला. "याची फ्रेम करून आणा भाऊजी. ह्यांच्या फोटोयेवढीच."

फोटो माझ्या कपाटात आहे. आमच्या बाजारातला फ्रेमवाला फोटो हातात घेतला की मान वर न करता विचारतो, "हाराचा हाय का साधा?" हाराचा असला तर वर दोन जादा हुक मारतो. मी दोनदा त्याच्या दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो. प्रल्हादला तोंडावर सांगून मोकळा झालो होतो मी, पोरगं गेलं म्हणून... फ्रेमवाल्याला सांगायला मात्र तोंड उघडत नाही.